मागच्या चाकांची गाडी

बाबा, तुमच्या नातीला वेगवान गाडी घ्यायची आहे. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मीच तिच्या आजच्या वयाची होते. ती गुडगावला नोकरी करते, सुट्टीत विकास नगरच्या घरी येते, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत देते. गाडी विजेवरची आहे. एकच मॉडेल दोन प्रकारांत मिळतं: एकात मोटर फक्त मागच्या चाकांना जोर देते, दुसऱ्यात पुढेही एक मोटर असते आणि चारही चाकं ओढतात. दोन्ही अशा सुटतात की पाठ सीटला चिकटते. जेवताना तिने फोनवर फोटो दाखवले, तर आई चष्मा न लावताच म्हणाली, "चारही चाकांची घे. तुझ्या आजोबांची नुसती मागची ओढायची." आणि भात कालवायला लागली. हे वाक्य मी किती वर्षं ऐकतेय. तुमच्या तेराव्याला युनिटमधलं कुणीतरी तिला म्हणालं होतं की चारही चाकं ओढणारी गाडी असती तर फिरली नसती. आईने तेच धरून ठेवलं. दोष द्यायला तिला निदान एक गाडी मिळाली. मला ती सोय नव्हती, कारण मी तुमच्या शेजारी बसले होते.

तुम्ही फौजेतल्या ड्रायव्हरांना शिकवायचात, आणि रविवारी सकाळी मला. कॅन्टमधल्या क्वार्टर्सच्या मागे ते कच्चं मैदान होतं. पाऊस पडून गेला की तुम्ही खूश व्हायचात. तुमच्या मित्राने लिलावात घेतलेली जुनी जीप आणि आपली निळी गाडी, जिच्यात तुम्ही हौसेने मोठं इंजिन बसवलं होतं, दोन्ही तिथे आणायचात आणि मला आलटून पालटून चालवायला द्यायचात. चारही चाकं लावली की जीप चिखलातून सरळ निघायची, पण वळवायला गेलं की नाक बाहेर पळायचं. स्टीयरिंग पूर्ण वळलेलं, आणि जीप आपली सरळच. "ही ऐकत नाही, पोरी. जोर कमी कर, मग ऐकेल," तुम्ही म्हणायचात. मग निळी गाडी. तिचं उलटं. वळणात पाय जरा जास्त पडला की मागचं टोक सुटायचं, आणि ते सुटणार हे आधी कमरेला कळायचं. "घाबरून पाय झटकायचा नाही. मागचं जिकडे पळतंय तिकडेच स्टीयरिंग, पटकन, दोन्ही हातांनी. आणि सरळ होताना तितक्याच पटकन परत." मला ते जमायचं नाही. तुम्ही मात्र बोलता बोलता, आईच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगता सांगता सावरायचात. घरी आल्यावर चिखलाच्या बुटांवरून आई दोघांना ओरडायची आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच चहा द्यायची.

म्हणूनच तो अपघात मला कधी कळला नाही. सीतापूर रोडवर त्या सकाळी रस्ता ओला होता, उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल आणलेला होता, आणि शेतातून नीलगाय आली. तुम्ही ब्रेक दाबला. चाकं अडली, गाडी घसरली, मागचं टोक तुमच्या बाजूने पुढे येऊ लागलं. इथपर्यंत मी घाबरलेही नव्हते, कारण असं टोक तुम्ही सावरलेलं मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मी वाट पाहत होते, आत्ता सरळ होईल. ती सरळ झाली नाही. झाड तुमच्या दाराला लागलं, माझं फक्त गळ्याजवळचं हाड मोडलं. आई गाडीला दोष देत राहिली, मी विचारत राहिले: इतकं सोपं घसरणं तुमच्या हातून सुटलं कसं? कॉलेजात मुलांना घर्षण शिकवताना विचारलं, पावसात रिक्षा जरा घसरली की विचारलं. मी अजून कुणाच्या शेजारी डाव्या सीटवर बसत नाही. हजरतगंजला जायचं तर मेट्रोने जाते.

गेल्या महिन्यात तुमची नात मला शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर घेऊन गेली. "मम्मा, नानी को छोड़ो, आप खुद चला के देखो. फिर जो आप बोलोगी वही लूँगी." काँक्रीटच्या मोकळ्या पटांगणावर त्यांनी पाणी मारलं होतं आणि दोन्ही गाड्या उभ्या होत्या, एक पांढरी, एक करडी. तिथल्या प्रशिक्षकाने आधी दोन्हींना सरळ पळवून जोरात ब्रेक मारायला लावला. दोन्ही जवळजवळ सारख्याच थांबल्या. मी पुन्हा करून पाहिलं. तो म्हणाला, "मैडम, ब्रेक तो दोनों में चारों पहियों पर ही लगता है. वहाँ फर्क टायर से पड़ता है." मी मान हलवली. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला हे ठाऊक असायला हवं, आणि ठाऊक होतंही. पण हाताला, पायाला कळणं वेगळं. आईचं इतक्या वर्षांचं वाक्य त्या ओल्या काँक्रीटवर संपलं. तुम्ही ब्रेकवर होतात, बाबा. त्या क्षणी कुठली चाकं ओढतात याला काही अर्थच नव्हता.

मग वळण. करड्या गाडीची चारही चाकं ओढत होती. पाय दाबला तरी ती रुळावर असल्यासारखी वळत राहिली, आणखी दाबला तेव्हा नाक हळूहळू बाहेर सरकलं, जीपसारखंच, फक्त फार सभ्यपणे आणि फार उशिरा. इतका वेग झालाय हे तिने मला सांगितलंच नाही. मग पांढरी. प्रशिक्षकाने सावरून घेणारी यंत्रणा थोडी सैल केली आणि तो बाहेर उभा राहिला. मुलगी माझ्या डावीकडे बसली. अर्ध्या वळणात कमरेला ती जुनी हालचाल जाणवली. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही, पाण्यात टायरची नुसती सरसर, आणि माझ्या कानाजवळ तुम्ही: पाय झटकू नकोस, पोरी. मी इतकी दचकले की पाय आणखी दाबला गेला. मागचं टोक सुटलं. आणि माझा डावा हात स्टीयरिंग सोडून मुलीच्या छातीवर जाऊन पडला.

मी तो नेला नव्हता, बाबा. तो गेला. गाडी गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने मोकळ्या जागेत थांबली. मुलगी हसायला लागली. "मम्मा, ये क्या! स्टीयरिंग पकड़ना था ना, मुझे नहीं!" माझा हात अजून तिच्या छातीवर होता, आणि माझ्या छातीवर तुमचा. तो दाब मला नेहमी आठवायचा. आई विचारायची, पट्टा तर नव्हता, मग छातीवर वळ कशाचा? मी तो हात माया म्हणून जपला होता. तो त्या वेळी कुठे असायला हवा होता, हे मी कधी विचारलं नाही.

"मम्मा? रो क्यों रही हो?" तिने विचारलं. मी तिला तिथेच, गाडीत, मराठीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो नाना की गलती नहीं थी." आणि अडखळत, मराठीत: "गाडीची पण नाही."

तिने शेवटी करडी घेतली. नानी चैन से सोएगी, म्हणाली. आईने गाडीला हळदकुंकू लावलं, चारही टायरांवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "हे तेव्हा सुचलं असतं तर." मी हो म्हटलं. तिच्याकडून ती निळी गाडी काढून घेऊन त्या जागी तुमचा हात ठेवायचा, हे माझ्याने झालं नाही. तुम्हीही सांगू दिलं नसतं, असं वाटतं.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एवढं लिहून टाकते. त्या दिवशी ट्रॅकवर मुलगी चहा घ्यायला गेली तेव्हा मी पांढरी गाडी पुन्हा एकटीने त्या वळणात नेली. टोक सुटू दिलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि ती सरळ झाली. बाबा, मला फार मजा आली.