रविवारी बंद

५ जुलै, शनिवार
शहापूरला चर्चच्या हॉलमध्ये 'ख्रिस्ती दृष्टीतून उद्योग' कोर्स सुरू. प्रश्न फक्त मी विचारले. वाघचौरे पास्टर म्हणाले, धंदा हीसुद्धा देवाची सेवाच. ती आपण करतोच आहोत. मुरबाडच्या पुढे, माळशेज रस्त्याला आपली खानावळ. गावठी कोंबडा, तांदळाची भाकरी. रांधते बायको, व्हिजन माझं.
निश्चय: विसाव्याचा दिवस पाळणे. बोर्ड रंगवून आणला: 'रविवारी बंद'.

६ जुलै, रविवार
दिपाली म्हणाली, अवो, मुंबईची माणसा धबधबे बघाया येतात तीच रविवारी. म्हटलं, विश्वास ठेव. ठेवते म्हणाली. उपासनेला मात्र आली नाही. आईचे गुडघे दुखतात म्हणे. मी एकटाच शहापुरात, शेवटच्या एसटीने घरी.

९ जुलै, बुधवार
गिऱ्हाईक: एक कंडक्टर. पाणी पिऊन गेला. देव परीक्षा बघतोय. दुपारभर आडवं पडून प्लॅनिंग.

१४ जुलै, सोमवार
खुराड्यातले कोंबडे कमी झालेत. मुंगूस असणार. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, मुंगूसच रे.
दिपाली आज उठायलाच तयार नाही. एक दिवस सुट्टी दिली की माणसं कशी सुस्तावतात! हा मुद्दा वर्गात मांडायचा.

१९ जुलै, शनिवार
पास्टरांनी विचारलं, उद्या गटारीचा रविवार, तुमच्याकडे झुंबड असेल? सगळ्यांदेखत ठणकावलं, बंद! टाळ्या अपेक्षित होत्या. पास्टर नुसते खोकले.
शेवटच्या वर्गात एक आदर्श उद्योजक साक्ष देणार, म्हणजे आपला अनुभव सांगणार आहे. नाव गुपित. मी भाषण लिहायला घेतलंय.

२० जुलै, रविवार
घात झाला.
शेवटचं गीत संपताच पास्टर मोटरसायकलवरून पसार. भाषण ऐकवायला कोणी उरलं नाही, म्हणून लवकरची एसटी धरली. उतरलो तर अंगणात गाड्याच गाड्या. माझा बोर्ड उलटा करून त्यावर कोळशाने 'जेवण तयार'. दिपाली चुलीशी. आई भाकऱ्या थापतेय, गुडघे ठणठणीत. आणि बाजेवर वाघचौरे पास्टर, हातात तंगडी. आईच्या गुडघ्यांसाठी प्रार्थनेला आले होते म्हणे. दर रविवारी येतात.
म्हटलं, आणि विसाव्याचा दिवस? पास्टर म्हणाले, भुकेल्याला वाढलेलं प्रभूला कुठल्याही वारी चालतं. दिपाली म्हणाली, इसावा मी सोमवारी घेते. तुमी सहा दिस काय करता ता सांगा आदी.
उत्तर होतं माझ्याकडे. पण गिऱ्हाईक भाकरी मागत होतं.
सगळ्यांना ठाऊक होतं. मुंगसाचं खोटं तर सख्ख्या आईनं सांगितलं. फार लागलं. जेवलो नाही. नंतर थोडा रस्सा घेतला.

२६ जुलै, शनिवार
साक्ष दिपालीने दिली. म्हणाली, नवरा रविवारी घरात नसतो, हा मोठा आधार झाला. टाळ्या थांबेनात. माझं भाषण खिशातच.
श्रावण लागला म्हणून तिने पिठलं-भाकरी सुरू केली. मला न विचारता.
निश्चय: उद्यापासून रविवारी मी जातीने गल्ल्यावर बसणार. तिला सांगितलं. म्हणाली, नको, तुमी उपासनेला जा, आमच्यासाठी पन मागा. येताना किन्हवलीवरून कांदे आणा.
आणि सावकाश या.