वाजवून घेतलेली क्लच प्लेट

१२ एप्रिल १९८१, पवनी
अड्याळ रोडच्या चढावर इंजिन बोंबलतं, पिकअप जागची हलत नाही. उतरलो, कान लावला. निदान: क्लच गेला. सौ. म्हणते, महिन्यापासून जळका वास येऊन राहिला होता. येत असेल. नाकावर आपला भरवसा नाही. सायकलला घागरी बांधून बाजार केले ते भांडं बोटानं वाजवून. चीर असली की पितळ स्वतः सांगते. या कानावर दुकान उभं राहिलं, दुकानावर ही लिलावातली पिकअप.
२५ तारखेला कृष्णराव पाटलांच्या मुलीचं लग्न. आंदणाची सारी भांडी आपल्याकडून: पाण्याचे गुंड, गंगाळ, पराती. हळदीच्या आत पोचवायची, आणि गाडीतून पोचवायची, असा शब्द दिला आहे. हे जमलं तर त्यांच्या भावकीतली सगळी लग्नं आपली. नाही जमलं तर त्यांच्या घरच्या शकुंतलाबाई स्टील घ्यायला टपल्याच आहेत.
सौ. म्हणते, तुलारामच्या बंडीत टाका. बैलबंडीतच टाकायचं होतं तर पिकअप घेतली कायले?

१३ एप्रिल
परसराम मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवली, घासलेली प्लेट हातात दिली. म्हणाला, सेवकरामभाऊ, हे सॅम्पल सांभाळा, या एका गाडीत तीन गाड्यांचे पार्ट हायेत, नाव सांगून सामान भेटत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही मापानं आणा. हो म्हटलं. मिस्त्रीला बोलू द्यावं, हात बरा चालतो.

१५ एप्रिल
भंडारा. पार्टच्या दुकानात जुनी प्लेट ठेवली आणि म्हटलं, हिची मोड घ्या. आमच्या धंद्यात फुटकं दिल्याशिवाय नवं कोणी नेत नाही. दुकानदारानं ती परत माझ्याकडे सरकवली. शेजारच्या भंगारवाल्यानं मात्र लगेच उचलली. माणूस जाणकार.
मग नव्या प्लेटा मागवल्या. सुतळीला टांगून एकेक वाजवली. दुकानदार म्हणे, काका, क्लच प्लेट हाय, देवळातली घंटा नोहे. त्याला काय कळतं. खणखणीत वाजली ती घेतली. प्रेशर प्लेट दुसऱ्या दुकानातून. आवाज घोगरा पण भारदस्त. बेअरिंग कानाशी फिरवून घेतलं. उद्या गाडी चालू.

१६ एप्रिल
नाही चालू. बेअरिंग बसलं. प्लेटच्या मधल्या भोकातले दात शाफ्टच्या दातांत जात नाहीत. परसरामनं विचारलं, सॅम्पल कोठी हाय? मोडीत दिलं म्हटल्यावर त्यानं पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, भाऊ, मले वाटलं तुमी क्लच आणाले गेले, तुमी तं गुंड आणाले गेले होते.
मोड सोडणारा माणूस धंद्यात टिकत नाही, हे त्याला समजावलं. समजला नाही.

१८ एप्रिल
भंगारवाल्याचा माल नागपूरला गेला. सौ.नं कणकेचा गोळा पुढे केला: शाफ्टवर दाबून ठसा घ्या. बायकांच्या युक्त्या. नको म्हटलं. ती शेजारी गेल्यावर घेतला.

१९ एप्रिल
एसटीत खिडकीशी बसलो, उन्हाच्या बाजूला. ठसा भंडाऱ्यापर्यंत वाळून आकसला, ते परत आल्यावर कळलं. ठशावर बसलेली प्लेट शाफ्टवर बसेना. गहूच यंदा हलका आहे. शिवाय दुकानदार पहिली प्लेट परत घेत नाही. वाजवलेला माल म्हणे.

२१ एप्रिल
ठशांचा नाद सोडला. अख्खी गिअरबॉक्सच पोत्यात घालून एसटीत चढवली. कंडक्टर म्हणाला, याले सीटवर बसवता का मांडीवर घेता? प्लेट दुकानातच शाफ्टवर चढवून पाहिली. बांगडीसारखी गेली. दुकानदार म्हणाला, प्रेशर प्लेटचंही माप पाहून घ्या. म्हटलं, तिचा आवाज मी ऐकला आहे.

२२ एप्रिल
प्रेशर प्लेटची भोकं फ्लायव्हीलच्या भोकांवर येत नाहीत. परसराम म्हणाला, आता इंजिन घेऊन जा भाऊ, कंडक्टर वळखीचा झालाच हाय. स्वतःच्याच बोलण्यावर हसला. मी हसलो नाही.

२३ एप्रिल
भंडाऱ्यात आपल्या मापाची नाही. नागपूरहून सोमवारी येईल. हळद उद्या.
सौ. पुन्हा बंडीवर आली. पण शब्द 'गाडीतून' असा आहे. म्हणून ठरवलं: गाडी जाईल. गिअरबॉक्स खाली आहे, म्हणजे हलकीच झाली. तुलारामला सांगितलं, बैलांच्या दोन जोड्या आण. तो म्हणाला, भांडे बंडीत टाकतो न जी, गाडी काहून ओढता? शब्दाची किंमत प्रत्येकाला कळत नाही.

२४ एप्रिल
पहाटे निघालो. पुढे चार बैल, मागे मी स्टिअरिंगवर, त्याच्या मागे पितळ. हॉर्न उत्तम. क्लचची गरज कुठेच भासली नाही. एका उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जायला लागली, तेव्हा तुलारामनं माझ्या वाडवडिलांची आठवण काढली. ब्रेक मीच लावला, हे तो विसरला.
हळदीच्या आधी पोचलो. शकुंतलाबाई गडवा घेऊन सामोऱ्या आल्या, बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, गूळ चारला. मी दार उघडून उतरेपर्यंत गडवा रिकामा.

२५ एप्रिल
लग्न लागलं. आंदण मांडवात मांडलं तेव्हा बायका वाकून वाकून पाहत होत्या. कृष्णराव खूष. पुढच्या महिन्यात त्यांच्या चुलतभावाकडे लग्न आहे, भांडी आपल्याकडूनच. पंगतीत हे मला सांगितलं. मग दोन पानं पुढे सरकून तुलारामजवळ हळूच म्हणाले, भांडे सेवकरामभाऊचेच राहतीन, पण आणजो तू. बंडीत आणजो. मला सगळं ऐकू आलं. मी भात कालवत राहिलो.
दुपारी तुलारामला वऱ्हाडाच्या सामानाचं भाडं मिळालं, बैल तिकडे गेले. गाडी पाटलांच्या गोठ्याशेजारी राहिली. निघताना पाहिलं, मागच्या भागात पत्रावळींचे गठ्ठे रचले होते आणि वर एक कोंबडी बसली होती.
एसटीत उभ्यानं आलो. सौ.नं विचारलं, गाडी कुठं हाय? म्हटलं, पाटलांनी आग्रहानं ठेवून घेतली.