लाल बासनातला गुप्तहेर

काशी, श्रावण शुद्ध सप्तमी

प्रिय रत्नाकरदादास देवदत्तचा साष्टांग नमस्कार (गुडघे धरल्यामुळे सध्या तो कागदावरच घालतो). तुझी साखर आणि वहिनींची कंबर आपापल्या जागी आहेत ना? इंदूरला पाऊस किती? इथे गंगा चढते आहे आणि आई नव्वदीत खणखणीत आहे. काल दूधवाल्याला तिने पाण्याबद्दल इतकं ऐकवलं की तो नमस्कार करून गेला.

फोनवर मावणारी गोष्ट नाही म्हणून लिहितो. आपला सिनेमा सापडला.

हो, तोच. सत्त्याऐंशी सालचा, ‘गिटारमधला नकाशा’. पंचगंगा आणि संकठा या दोन घाटांच्या दोन रॉक पार्ट्या (म्हणजे बँड), शत्रूचा नकाशा गिटारच्या पोटात, आणि जी पार्टी गाण्याचा मुकाबला जिंकेल तिला गिटार. तू संकठावाल्यांचा म्होरक्या, मी पंचगंगावाल्यांचा. गुप्तहेर म्हणून नीलकंठकाका भर ज्येष्ठात ओव्हरकोट आणि काळा चष्मा घालून अमृतराव घाटावर छत्रीखाली दबा धरून बसले होते. तेवढ्यात एक यात्रेकरू कुटुंब हात जोडून समोर बसलं. काकांनी (पिढीजात भिक्षुकी, करणार काय) त्यांना गोत्र विचारून पूर्ण संकल्प सांगितला, आणि कॅमेरा चालूच होता. परवा ते पाहताना मी हसून हसून खुर्चीवरून घसरलो. आवाज नाहीच, पण काकांच्या ओठांवरून मंत्र अचूक कळतात.

सापडला कसा, ते ऐक. माझी धाकटी ऋता बाबांच्या पोथ्यांची यादी करायला बसली. दोनशे अकरावं लाल बासन (पोथीभोवतीचं फडकं) सोडलं, तर आत पत्र्याचा डबा. मला म्हणते, “बाबा, ये कौन सा वेद है?” दादा, दर वसंतपंचमीला आपण त्या डब्यावर हळदकुंकू, अक्षता वाहत आलो. आई तर पहिलं फूल त्यालाच ठेवायची, कारण सगळ्यांत जड तो सगळ्यांत थोर ग्रंथ. बासन सोडायची कुणाची छाती नव्हती. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे, स्नान करून सोवळ्यात असल्याशिवाय पोथीला हात नाही. त्यामुळे आपल्या पोथ्यांना वाळवीखेरीज कुणी वाचलेलं नाही.

आता अडचण सांगतो. गेली अडतीस वर्षं लग्नामुंजीत मी सांगत आलो की डबा तू पंचगंगा घाटासमोर नावेतून गंगेत पाडलास. विष्णु मल्लाह अजून प्रवाशांना तिथे बोट दाखवून सांगतो, “इहाँ पिक्चर डूबा है.” या चेष्टेपायीच तू काशीला यायचं सोडलंस, असं आई मला जेवताना रोज ऐकवते (आमटीची पहिली पळी पडण्याआधी). गणेशोत्सवात चौथ्या दिवशी मंडळाने सिनेमा ठेवला आहे. तू यावंस. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
देवदत्त

ता. क. : बासनाच्या आतल्या चिठ्ठीवर ‘प्रायश्चित्तनिर्णय, अपूर्ण’ असं लिहिलं आहे. अक्षर माझं आहे. शेवटच्या रिळात तुझी पार्टी जिंकते, ते लोकांना दाखवायला नको म्हणून मीच डबा लपवला होता. मग आईने कपाट आवरलं आणि सव्वादोनशे लाल बासनांत, एकेक सोडून पाहिल्याशिवाय, तो मला ओळखू येईना. विचारायची सोय नव्हती, म्हणून तुझं नाव घेतलं. पुढे इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटू लागलं. चौथ्या दिवशी सर्वांसमोर कबूल करीन. आईला आजच सांगितलं. ती म्हणाली, “आधी त्याला बोलाव, मग जेव.” दुपारचे दोन वाजले आहेत, उत्तर लवकर धाड.

आणखी ता. क. : शेवटची तीन मिनिटं बुरशीने खाल्ली आहेत. जिंकलं कोण ते कुणालाच दिसणार नाही. म्हणजे मी उगाचच लपवला. तेव्हा मुकाबला घाटावर पुन्हा करावा लागेल. निकाल लोक देतील. माझ्या बाजूचे सोळा जण मी आत्ताच सांगून ठेवले आहेत, तुझे तू इंदूरहून आण. आईला मोजू नकोस, ती आजच तुझ्या बाजूला गेली.