वास कुणाच्या हाताचा

आये, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुला कळायचं नाही, आणि उरलेलं निम्मं माझ्यापेक्षा तुलाच जास्त कळेल. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही. सून म्हणते, आई, झालं ना आता, सोडा. मुलगा सांताक्रूझला विमानात माल चढवून येतो, जेवतो आणि आडवा होतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर अजून खेकडा चालल्यासारखं आहे. पण तू तर अंगठाच उठवायचीस, तेव्हा नावं ठेवायला तू नाहीस.

तुझी पणती सातवीत आहे. मालाडच्या शाळेत जाते. तिथे कंप्युटरची वेगळी खोली आहे, थंडगार, चपला बाहेर काढायच्या, देवळात शिरल्यासारखं. दोन पोरांत मिळून एक मशीन. पालकांना बघायला बोलावलं तेव्हा सुनेला मॉलमधून सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले. त्यांची मिस अगदीच पोरगेली, पण शिकवते नीट. पोरांच्या हातांवर रुमाल टाकते, म्हणजे खालची बटणं दिसत नाहीत, आणि म्हणते, आता लिहा. दोन बटणांवर बारीकसा उंचवटा असतो. त्यांच्यावर बोटं टेकली की बाकीच्या बोटांना आपापली जागा सापडते. मला ते पटलं. कोलंबी सोलताना आपण तरी कुठे बघतो? तोंड चालू असतं, डोळे गिऱ्हाइकावर, आणि सालं सुटत जातात. मिसचा आणखी एक नियम होता. कुणालाही काही पाठवायच्या आधी दोन्ही हात बटणांवरून वर उचलायचे, लिहिलेलं वाचायचं, ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस शेजारच्या खुर्चीत बसलाय असं समजायचं, आणि मगच बोट लावायचं. सगळी पोरं एकदम हात वर करायची, पोलिसाने बंदूक दाखवल्यासारखी. मी हसले. मिसही हसली.

आपली पोर ज्या मशीनवर बसते तिथे शेजारी एक मुलगी बसायची. तिची आई बाजारात आतल्या बाजूला सुकट-बोंबील घेऊन बसते. काळीसावळी, अबोल, केसांना तेल चोपडलेली पोर. दोघींचं बरं जमायचं म्हणे. एका सकाळी मी आपल्या पोरीला कोलंबी सोलायला बसवलं. ती म्हणाली, "ए आजी, आज नको ना, माझा कंप्युटर आहे." मी म्हटलं, "तुझा कंप्युटर काय कोलंबी खाणार आहे? हात चालव." लिंबू संपलं होतं. साबणाने हात धुतले आणि गेली. साबणाने तो वास जात नाही हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, तिलाही माहीत होतं. त्या थंड, बंद खोलीत मागून कुणीतरी ओरडलं, "शी! कोणाच्या कीबोर्डला वास येतोय रे?" सगळ्यांनी माना वळवल्या. आणि आपल्या पोरीने शेजारणीकडे बोट केलं. "ही हात लावते ना, हिच्या घरी सुकट असते." तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. संध्याकाळी तिने फोनमध्ये आधीपासून असलेला त्या मुलीचा एक फोटो घेतला. चित्रं जोडून द्यायचं काहीतरी मिसनेच शिकवलेलं, स्वच्छतेचं पोस्टर करायला. त्याच्यात तिने त्या पोरीचं तोंड सुक्या बोंबलाच्या धडाला लावलं, भोवती माश्या काढल्या आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. हात काही उचलले नाहीत. जेवायच्या आत ते सगळ्या मालाडभर फिरत होतं. ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्याही नाही.

हे ऐकलं तेव्हा मला तू दिसलीस, बाजारातल्या ओट्यावर, हिरव्या लुगड्यात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बर्फ आला नव्हता आणि तुझी सुरमई आदल्या दिवशीची होती. एक गिऱ्हाईक वाकते, कल्ला उघडून बघते, नाकाला पदर लावते. तू अगदी शांतपणे म्हणतेस, "माझ्या पाटीचा नाय गो बाय, वास तिकडना येतंय," आणि हनुवटीने शेजारणीकडे दाखवतेस. शेजारीण विधवा बाई. तिचा माल सकाळचा, ताजा. त्या दिवशी तिच्या पाटीला कुणी हात लावला नाही, आणि दुपारी तिला सगळं गटारात ओतावं लागलं. आपल्या बाजाराची रीत तुला सांगायला नको. म्हाताऱ्या जमल्या. दंड नाही, पाया पडणं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी तुझी पाटी घरी राहिली आणि तू त्या बाईच्या शेजारी बसून, तुझ्याच तोंडाने, तुझ्याच गिऱ्हाइकांना तिचा माल ओरडून विकलास. ज्या तोंडाने नासवलं त्याच तोंडाने, आणि ज्यांच्यासमोर नासवलं त्यांच्याचसमोर. तू इतकी मोठ्याने ओरडत होतीस की गळ्याच्या शिरा दिसत होत्या. "घ्या गो, सकालची हाय, रगत बगा, रगत!" ती बाई बाजूला बसून पैसे घेत होती, तुझ्याकडे न बघता. पाटी रिकामी झाल्यावर तू उठलीस. घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस, आणि पुढे कित्येक दिवस बोलली नाहीस. मी एकदा तुझी नक्कल केली, "रगत बगा, रगत," तर तू मला उलथन्याने मारलंस. त्या बाईशी मात्र नंतर तू मरेपर्यंत बर्फ वाटून घेत होतीस.

शाळेने बोलावलं तेव्हाही मीच गेले. मोठ्या बाई टेबलामागे, मिस बाजूला उभी, डोळे सुजलेले. मोठ्या बाई म्हणाल्या, ग्रुप बंद केला, फोटो काढून टाकायला लावला, आता हिने एक माफीपत्र लिहावं म्हणजे विषय संपला. आपली पोर म्हणाली, लिहिलंय. आणि फोन पुढे केला. मिसने वाचून दाखवलं. काय मराठी होती आये! "माझ्या अविचारी कृतीमुळे तुझ्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते." मोठ्या बाई खूश. मी पोरीला विचारलं, "दिलगिरी म्हणजे काय गं?" ती फोनकडे बघायला लागली. हल्ली फोनला सांगितलं की तो असलं लिहून देतो, मागशील तेवढं, मागशील त्या भाषेत. माफीसुद्धा बाजारातून आणल्यासारखी, आयती साफ केलेली. मी म्हटलं, "हे हिचं तोंड नाही. आणि ह्याच्यात वास कुणाचा होता ते कुठे लिहिलंय?" मोठ्या बाई म्हणाल्या, "आजी, तो मुद्दा आता महत्त्वाचा नाही." मी म्हटलं, "तोच एक मुद्दा आहे." मिसने माझ्याकडे बघितलं. मी तिला तुझी गोष्ट सांगितली, तू माझी आई ते न सांगता, बाजारातली एक बाई म्हणून. तिला कळलं. ती म्हणाली, "माझ्या तासाला करू."

घरी सुनेने आकाशपाताळ एक केलं. "अहो आई, सगळ्या वर्गासमोर? उद्या हिलाच चिडवतील. तुम्हाला शाळेत एक दिवस काढायचा नाही, हिला काढायचाय." मुलगा म्हणाला, "आई, तुझा मासळीबाजार इथे आणू नकोस." मी म्हटलं, "तुझी फी त्याच बाजारातून भरली, तेव्हा तो नको नव्हता वाटत." पोर कोपऱ्यात बसून नखं कुरतडत होती. मी तिला विचारलं, "तुला बोंबीलच का सुचला गं?" ती म्हणाली, "त्यांनी माझे हात हुंगले असते, आजी." बस, एवढंच.

तासाला मी दारात उभी होते. मिसने तिला पुढच्या मशीनवर बसवलं, भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेल्या. हातांवर रुमाल टाकला. पोरीने उंचवटे शोधले आणि लिहायला लागली, एकेक अक्षर पडद्यावर येत होतं आणि सगळे वाचत होते. वास माझ्या हाताला होता. मी सकाळी कोलंबी सोलली होती. तिच्या हाताला वास नव्हता. माझी पणजी मासे विकायची, माझी आजी पण विकायची. फोटो मी केला. मग तिने दोन्ही हात वर उचलले आणि शेजारी बघितलं, मिसच्या नियमाप्रमाणे. शेजारची खुर्ची रिकामी होती. बराच वेळ हात तसेच वर होते. शेवटी मिसनेच सांगितलं, लाव बोट. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कोलंबी." हशा झाला. मिस ओरडली, पण झालं ते झालं. आता तिचं नाव कोलंबीच आहे. सूनबाई बरोबर बोलली होती.

मी दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, त्या पोरीच्या आईकडे. म्हटलं, "तुझ्या मुलीला म्हणावं ये, माझ्या नातीने सगळ्यांसमोर कबूल केलंय." ती सुका जवळा पाखडत होती. थांबली नाही. म्हणाली, "बरं झालं, मावशी. पण आमच्या गल्लीतल्या पोरांच्या फोनात तो फोटो अजून आहे, त्यांनी कुठे तुमच्या नातीचं वाचलंय?" मी विचारलं, मुलगी कुठे आहे. "माझ्या बहिणीकडे, मढला. बोंबील वाळत घालायला लागली. तिचा बाप म्हणाला, बोंबील म्हणतात ना, मग तेच कर. शाळेचा दाखला काढून आणला." मी म्हटलं, मी बोलते त्याच्याशी. ती म्हणाली, "तो माणसाशी बोलत नाही." मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी वाकले, पदर खोचला आणि तिच्या पाटीशेजारी बसायला लागले. तिने सूप खाली ठेवलं. "मावशी, उठा. माझ्या पाटीजवळ बसू नका. लोक विचारतील, आणि मला ते परत सांगावं लागेल." मी उठले. गुडघे धरत धरत उठले, आणि ती बघत राहिली, उठेपर्यंत.

तुझ्या वेळी निंदा बाजाराच्या दारापर्यंत जायची, तिथे तुझा आवाज पुरला. ह्यांचं ते कुठपर्यंत जातं तेच कुणाला माहीत नाही, मग कुठे उभं राहून ओरडायचं? मिस बिचारी अजून पोरांना हात उचलायला शिकवते. मागच्या आठवड्यात जिन्याजवळ भेटली, म्हणाली, "आजी, आपण बरोबर केलं ना?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार होते? ती तरुण आहे, तिला अजून पुष्कळ वर्षं शिकवायचंय.

आपली पोर शाळेत जाते, येते. अभ्यास करते, न बघता भराभर टाइप करते, मिस म्हणते वर्गात पहिली. घरात आली की आधी मोरीत जाऊन हात धुते, सकाळपासून मासळीला हात लावलेला नसताना. आता लिंबू मी संपू देत नाही. सालं तिथेच पिळून पडलेली असतात. ती माझ्याशी बोलत नाही. भांडत नाही, रागावतही नाही. मी हाक मारली की "हं" म्हणते. आधी शाळेतून आली की तासभर डोकं खायची, ए आजी हे बघ, ए आजी ते बघ, आणि मी म्हणायचे, तोंड मिट गं बाई जरा.

हे कागद इथेच राहणार. मिसच्या नियमाने हात उचलून वाचून काढलं, आणि शेजारी तू बसलीस असं समजले, तर तू माझ्याकडे न बघता नुसता बर्फ फोडत होतीस. एवढंच सांगायचं राहिलं, आये. उलथन्याने मारलंस त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. तू बोलत नव्हतीस त्याचं वाटलं होतं. आता ही बोलत नाही, आणि मला घरात करमत नाही.