दहा मिनिटांची मोजणी

वेस्टब्रिज, मॅसॅच्युसेट्स
२ ऑक्टोबर १९९४

ती. एलीदादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला मेपलचा पाक पोचला. तुझ्या मेव्हण्यानं, वॉरननं, बाटलीला तोंड लावायचंच काय ते बाकी ठेवलं.

आमच्या हेस्टरच्या कॉलेज-अर्जांनी घरात ठाण मांडलंय. फॉर्मवर खेळांसाठी चार ओळी आहेत, आणि हिच्या चारही कोऱ्या. शाळेतले सल्लागार मि. डॉसन म्हणाले, तिला हवं त्या कॉलेजात जागा एक आणि दारात वीस जण. त्यांतले एकोणीस कुठल्या ना कुठल्या संघाचे कप्तान. मग आवाज उतरवून म्हणाले, निबंध भावावर लिही, मंडळी हेलावतील. हेस्टर म्हणाली, कॅलेब काही माझ्या ॲडमिशनसाठी गेला नाही, आणि उठून निघून आली.

दीड वर्ष झालं, दादा. त्याचं प्रवेशाचं जाड पाकीट तो बुडाल्यावर तीन आठवड्यांनी आलं होतं. त्या कॉलेजचा नौका-संघ अजून दर सप्टेंबरला त्याच्या नावानं पत्र धाडतो, की नदीवर भेटू. मी ती फाडत नाही. वॉरन तळघरातल्या त्याच्या वल्हवण्याच्या यंत्राला तेल घालतो.

हेस्टर रोज पहाटे नदीवर जाते. कशाला, ते सांगत नाही. तुला सांगेल. विचारशील?

काळजीत असलेली तुझी,
प्रू


व्हरमाँट
९ ऑक्टोबर १९९४

चि. हेस्टर हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

खेळाच्या ओळी कोऱ्या ठेवणारी तू घराण्यातली पहिली नव्हेस. शाळेत मला बेसबॉलच्या मैदानाच्या पार टोकाला उभं करत. तिथं मी निवांत धातुरूपं घोकत असे. एकदा चेंडू पायाशी येऊन थांबला. मी सभ्यपणे बाजूला झालो. वाटलं, कुणाचा तरी असेल. आज पंचवीस वर्षं संस्कृत शिकवतोय. यंदा वर्गात तिघं आहेत, त्यांतला एक खोली चुकून आलेला. पण माझ्या खेळाची चौकशी त्यानंही केलेली नाही.

डॉसनसाहेबांचं मनावर घेऊ नकोस. माळ्याला जसं तण, तसा सल्लागाराला रिकामा रकाना. उपटल्याशिवाय चैन पडत नाही.

एकच विचारतो. पहाटे नदीवर काय करतेस? सांगावंसं वाटलं तरच सांग.

तुझा न धावलेला मामा,
एली


वेस्टब्रिज
२० ऑक्टोबर १९९४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मासे मोजते. वसंतात हेरिंग मासे समुद्रातून नदी चढून येतात. बंधाऱ्याच्या कडेला त्यांच्यासाठी पायऱ्या बांधल्यात. ही मोजणी ठेवणाऱ्या नदी-मंडळाचा नियम असा: दहा मिनिटं नजर न हलवता बसायचं आणि दिसतील तेवढे वहीत लिहायचे. एकही दिसला नाही तर शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. पहिल्या वर्षी साठ दिवसांत माझी एकेचाळीस शून्यं झाली. डॉसनसर म्हणाले, पोरी, शून्यं अर्जात शोभत नाहीत. मी निबंध त्या शून्यांवरच लिहिलाय.

आता मासे नाहीत, तरी जाते. कॅलेबची नाव पहाटे पाच चाळीसला उलटली, आणि मदतीची बोट यायला दहा मिनिटं लागली. सगळे म्हणायचे, दहाच मिनिटं. ती केवढी असतात ते मला बघायचं होतं. हे निबंधात नाही. आईला सांगू नकोस.

कधी कधी पाण्यावरून वल्ह्यांचा आवाज येतो, संघ आलेला नसतानाही. मी मान वळवत नाही. मोजणी चुकते.

तुझी भाची,
हेस्टर


वेस्टब्रिज
२४ एप्रिल १९९५

ती. एलीदादास,
सा. न. वि. वि.

सहा तारखेला हेस्टरचं पाकीट आलं, जाडच. वॉरन रस्त्यात जाऊन ओरडला. संध्याकाळी कागद आवरताना मला अर्जाची प्रत दिसली. खेळांच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं: नौकानयन, चार वर्षं, कप्तान.

अर्ज मीच टाइप केला होता, दादा. कॅलेबचाही त्याच यंत्रावर केला होता. बोटं आपोआप गेली असावीत. मला आठवतही नाही.

हेस्टरनं प्रत वाचली. चिडली नाही. म्हणाली, मग ही जागा त्याची, माझी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजला कळवलं, की ती ओळ माझी नाही, पुन्हा ठरवा. वॉरन म्हणाला, हातातली जागा परत करायचं हे शहाणपण नक्की मामाकडचं.

आज उत्तर आलं. प्रवेश बघणाऱ्या बाईंनी लिहिलंय: ती ओळ आम्हाला तेव्हाच खटकली. निबंधातली मुलगी रोज पाच चाळीसला काठावर बसते. त्या वेळी वल्हवणारे पाण्यात असतात. म्हणून ती ओळ खोडून बाकीचा अर्ज वाचला. जागा हेस्टरचीच.

आज पहाटे मी तिच्याबरोबर गेले होते. तिनं वही आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. एकही मासा आला नाही. मी विचारलं, कोरी सोडू का जागा? नको म्हणाली, शून्य लिही. लिहिलं. ती तिथंच का बसते ते मी विचारलं नाही. नाव कुठे उलटली ते मला ठाऊक आहे.

दहा मिनिटं फार लांब असतात रे, दादा.

उन्हाळ्यात ये. तोवर आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रू