पाळकांना लागलेली धाप

३ डिसेंबर

चि. पाववाल्यास,
अ. आ. व प्रभूत सलाम.

तू पाठवलेला केक वाटेत चुरा होऊन पोचला. पण आईनं बोटानं डबा इतका पुसून खाल्ला की घासावाच लागला नाही.

आता माझं रडगाणं ऐक. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मी मुकादम खरी, पण सुट्टी देणं माझ्या हातात नाही. नव्या साहेबांनी नाताळची सुट्टी ऑफिसला दिली, आम्हाला नाही. चादरींना सण नसतो म्हणे! आजारी माणूस सुट्टीवर जात नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी म्हटलं, सकाळी फक्त उपासनेपुरतं सोडा, संध्याकाळी भरून काढू. इस्त्रीवाल्या मावशीचा नाताळशी काडीचा संबंध नाही, तरी ती आपणहून मशीन सांभाळायला तयार आहे. साहेब म्हणाले, एकदा दिलं की सगळे मागतील.

माझं सोड रे, मला वाईट वाटतं ते घंटाकाकांचं. मोठ्या मशीनवर उभं राहणारा हा माणूस आपल्या लहानपणापासून चर्चची घंटा वाजवतोय. गुडघे आता कुरकुरतात, पुढच्या वर्षी मनोऱ्याची शिडी चढणं होणार नाही असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे यंदाचा नाताळ शेवटचा, आणि तोच हुकणार. काकांनी त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला. चर्चचे पाळक म्हणतात, काळजी नको, घंटा मी वाजवीन. त्यांचं पोट आणि ती शिडी यांची अजून ओळखदेख नाही.

काय करू, तूच सांग. लोभ तुझ्या पिठासारखा फुगत राहो.

तुझी,
ताई

११ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचलं आणि डोकं भट्टीहून गरम झालं. मी स्वतः नाताळला कामावरच आहे. पण आम्ही पाळी लावलीय: नाताळ माझा, तर ईस्टर दुसऱ्या कारागिराचा. राबण्याचं दुःख नाही गं, दरवेळी त्याच माणसानं राबायचं, याचं आहे.

प्रभूच्या जन्माची बातमी आधी कळली कोणाला? कामावर असलेल्या मेंढपाळांना. तेही मेंढरं सोडून गेलेच की! त्यांचा मुकादम कोण होता देव जाणे, पण तुझ्या साहेबांपेक्षा बरा असणार.

तेव्हा पुन्हा जा, आणि हात जोडून नको, हक्कानं जा. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ उकळताना तुझी जीभ कधी अडखळली नव्हती. आईला नमस्कार. रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
पाववाला

२६ डिसेंबर

चि. पाववाल्यास,
अ. आ. व नाताळचा सलाम.

अरे, काय सांगू तुला! साहेबांनी पुन्हा नन्नाचाच पाढा वाचला. काल सकाळी आम्ही सगळ्या कामावर, काका मशीनकडे तोंड करून उभे. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. एक टोला पडला, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. शिडी चढून पाळक इतके दमले होते की एकदा दोरी ओढायची आणि दम खायचा! असे सुटे टोले आपल्याकडे मयतालाच पडतात. ते ऐकले की, मयत हॉस्पिटलातच असणार म्हणून, हातातलं टाकून हॉस्पिटलच्या फाटकाशी धावायचं, हे तुला ठाऊकच आहे. अख्खी मंडळी नव्या कपड्यांत, रडवेल्या तोंडानं फाटकाशी हजर. कोण गेलं, कोण गेलं, एकच गलका. एका बाईंनी तर कोणासाठी ते ठरायच्या आधीच गळा काढला.

साहेबांनी घाबरून वॉर्डावॉर्डात फोन लावले. सगळे रुग्ण जिवंत! तेव्हा काका ओल्या एप्रनसकट पुढे झाले आणि म्हणाले की गेलं कोणी नाही, पण पाळकांना खाली उतरवलं नाही तर ते जातील. साहेब म्हणाले, मग पळा, थांबवा ते. काका जागचे हलेनात. या सगळ्या येणार असतील तरच मी जातो, म्हणाले. मी आनंदाची घंटा वाजवायची आणि यांनी चादरी उपसायच्या, हे जमायचं नाही.

शेवटची घंटा चालून आलेली, आणि हा बाबा आमच्यापायी ती घालवतोय! तेवढ्यात आणखी एक टोला पडला, बाईंनी पुन्हा गळा काढला, आणि साहेबांचा धीर सुटला. जा सगळे, म्हणाले. मावशीनं बाह्या सरसावल्या. मशीन मी बघते, म्हणाली, पण चादरीची घडी एकटीनं होत नाही. आणि चादरीचं एक टोक तिनं सरळ साहेबांच्या हातात दिलं!

परत आलो तर घड्यांचा हा ढीग. साहेबांच्या घड्या वाकड्या होत्या. त्यांनीच विचारलं, ईस्टर कधी असतो, मावशीचे सण कधी, आता पाळी लावायला हवी.

आणि घंटा! काकांनी अशी वाजवली की रडवेली माणसं हसत आत शिरली. मी मात्र मनोऱ्याखाली ढसाढसा रडले. उतरल्यावर काका म्हणाले, पुढच्या वर्षी तू. मला कुठे येते, मी म्हटलं. तर म्हणतात, पाळकांना तरी कुठे येत होती? शिकवतो.

तेव्हा पुढचा नाताळ त्या कारागिराला दे आणि घरी ये. टोले सुटे पडले तर फाटकाकडे धावू नकोस. वर मी असेन, दम खात. आईचे आशीर्वाद. लोभाला मात्र सुट्टी देऊ नकोस.

तुझी,
ताई