हिरवा दिवा लागला होता, साडूभाऊ

आदरणीय साडूभाऊ यांना मनापासून नमस्कार. (साष्टांगही घातला असता, पण मी बसलोय त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे आणि समोरच्या लाल दिव्यावरून नजर हलवायला मला मनाई आहे.) तुमची कंबर कशी आहे? ताईंचा खोकला थांबला का? इकडे मी, तुमची मेहुणी आणि सासूबाई असे तिघंही सुखरूप आहोत. निदान पाच वाजेपर्यंत तरी आहोत. आत्ता सव्वादोन झालेत. या कॅम्पच्या ऑफिसात फोन आहे, पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही. पत्रात तुम्हाला ती सोय नाही, म्हणून पत्र.

तुमचा गाडीमागे जोडायचा राहण्याचा ट्रेलर ठीक आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. ट्रेलर देताना तुम्ही आतला फ्रीज चालवायची तुमची ती जुनी बॅटरीही सोबत देत होता. ती उचलताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून तुम्ही हसलात. (हसला नव्हतात असं म्हणू नका, ताई साक्षीला होत्या.) तिथेच मी ठरवलं की आपण हलकी, लिथियमची घ्यायची. दुकानदार भला माणूस. फ्रीज केवढा, तासाला किती वीज खातो, किती तास चालणार, असं सगळं त्यानं विचारलं. मी म्हणालो, चारच दिवसांचा प्रश्न आहे. त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि जेवणाच्या डब्याएवढी एक बॅटरी काढून दिली. वर बजावलं की हिला हिचाच चार्जर लावायचा, जुना लावायचा नाही, आणि निघण्याआधी पूर्ण भरायची. मी सगळं ऐकलं. माझ्या स्वभावात नाही तरी ऐकलं.

घरी येऊन चार्जरचे दोन चिमटे बॅटरीच्या दोन टोकांना लावले आणि बटण दाबलं. चार्जरवर लिहिलं होतं, हिरवा म्हणजे पूर्ण. लगेच हिरवा दिवा लागला. सबुरी असावी म्हणून मी घड्याळ लावून अकरा मिनिटं थांबलो, हिरवा तो हिरवाच. मग तुम्हाला फोन केला. अकरा मिनिटांत फुल्ल झाली, असं मी सांगितलं, तुम्ही म्हणालात सहा तास लागतात, आणि त्यावर तुमच्या काळातल्या बॅटऱ्यांना लागत असतील असं मी जे बोललो ते मला आता अक्षरशः आठवतंय. ते मी मागे घेतो. (मागे घेतलेलं वाक्य तुम्ही ताईंना सांगायलाच हवं असं नाही.)

आज तळ्याकाठचा दुसरा दिवस. बारा वाजता भाजी काढायला तुमच्या मेहुणीनं फ्रीज उघडला तर आत अंधार, आणि तापमानाचा काटा एकोणीसवर. फ्रीजमध्ये भाजी, दूध आणि तो निळा डबा, सासूबाईंच्या इन्शुलिनचा. डब्याच्या आत गार पिशवी असते, न उघडता ठेवला तर पाचेक तास दम धरतो. तुमच्या मेहुणीनं तिथेच फर्मान काढलं: डब्याला कुणी हात लावायचा नाही, आणि पाचच्या ठोक्याला फ्रीजचा काटा आठवर आलेला दिसला नाही तर सामान बांधून सरळ घर गाठायचं. ती कपाळावर आठी न घालता बोलली. ती तशी बोलते तेव्हा मी वाद घालत नाही.

सासूबाई झाडाखाली खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर थर्मास. त्यांनी वर न बघता एवढंच म्हटलं, "आज परत गेलो की मला पुन्हा कुणी उंबऱ्याबाहेर काढणार नाही." साडूभाऊ, मला जेवण गेलं नाही. चार दिवस तळ्याकाठी राहायचं, ही सासरे गेल्यापासून त्या माऊलीनं स्वतःहून मागितलेली पहिलीच गोष्ट. तुमच्याकडे मागितली तर तुम्ही म्हणालात, या वयात, इन्शुलिन घेऊन, रानात? तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मी हो म्हणून बसलो, आणि माझ्या गाढवपणामुळे तुमचं खरं ठरायची वेळ आलीय.

बॅटरी छातीशी धरून ऑफिसात पळालो. इथल्या व्यवस्थापकबाई पावत्या फाडत होत्या. भिंतीच्या प्लगला चार्जर लावला, चिमटे अडकवले तर लाल दिवा. माझं धाबं दणाणलं. बाईंना म्हटलं, बिघडली हो, घरी तर लगेच हिरवा लागला होता. बाईंनी पावतीपुस्तकातून डोकं काढलं. लाल म्हणजे भरतेय, त्या म्हणाल्या, आणि हिरवा म्हणजे एकतर भरली, नाहीतर तुम्ही काही लावलेलंच नाही. माझ्या मागे तुमची मेहुणी उभी होती. तिनं पर्समधून प्लास्टिकची दोन पारदर्शक टोपणं काढून टेबलावर ठेवली. बॅटरीच्या टोकांवर ती कारखान्यातूनच बसवलेली येतात. ट्रेलरच्या वायरी जोडताना तिनंच काढली होती. दोन्हींवर चिमट्याच्या दातांच्या खुणा होत्या. म्हणजे घरी मी अकरा मिनिटं प्लास्टिक चार्ज करत होतो. काल फ्रीज चालला तो कारखान्यातून आलेल्या उरल्यासुरल्या विजेवर.

तेव्हापासून इथे बसलोय. बाई म्हणतात, पूर्ण भरायला संध्याकाळ होईल, पण तीनला काढली तरी फ्रीज सुरू होण्यापुरती होईल. पण तीनला सुरू झालेला फ्रीज पाचपर्यंत एकोणीसवरून आठवर येतो का, हे त्यांना माहीत नाही, मलाही नाही, आणि तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही इथे नाही. दर दहा मिनिटांनी खिडकीतून झाडाकडे बघतो. सासूबाई जागच्या हललेल्या नाहीत. मघाशी जाऊन म्हटलं, घोटभर चहा द्या, घसा सुकलाय. तर थर्मास पदराखाली घेऊन म्हणाल्या, हा तुमच्यासाठी नाही. रागावल्यात. रागावणारच. तीन वाजले, बॅटरी काढतो. पोस्टाची गाडी सहाला येते, पुढचं त्याआधी लिहीन. ताईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता.क. साडेपाच. पाचला काटा नऊवर होता. नऊ, साडूभाऊ! एका आकड्यानं. मी म्हटलं अजून दहा मिनिटं थांबू, पण तुमची मेहुणी खुर्च्या मिटायला लागली होती. तेव्हा सासूबाई उठल्या, थर्मासचं झाकण फिरवलं आणि आतून इन्शुलिनची तिन्ही पेनं काढली. पिशवीत गुंडाळलेली, गार पिशवीला टेकवून, सोबत छोटा थर्मामीटरसुद्धा. काटा सहावर. सकाळी सातलाच फ्रीजची घरघर थांबलेली त्यांना ऐकू आली होती. चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, उन्हातान्हात लशी थर्मासमधून गावोगाव नेल्या, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हटलं, आई, सकाळीच का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर सकाळीच परत नेलं असतंत. आणि मला विचारलं कुणी? आम्ही राहतोय. निळ्या डब्यात काय होतं म्हणाल, तर चॉकलेटं. वितळलेली. ती मी चमच्यानं खाल्ली, पुरावा राहू नये म्हणून.

ता.क. दुसरा. पत्र मुळात ज्यासाठी होतं ते राहिलंच. तुमची ती जड बॅटरी घेऊन शनिवारी येता का? चार्जरही आणा. ट्रेलर आणखी आठ दिवस लागेल. बॅटरी उचलताना मी आवाज करणार नाही.

ता.क. तिसरा, आणि हे अक्षर माझं आहे, सासूबाईंचं. मोठ्या जावयांना अनेक आशीर्वाद. पत्र मी वाचलं. बॅटरी आणू नका, कंबर सांभाळा. इथली छोटी आता पुन्हा लाल दिव्यावर लावलीय, मी स्वतः बघून आले. धाकट्यांनी एक गोष्ट लिहिलेली नाही. थर्मास हातात घेऊन ते ट्रेलरच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला फार वाईट वाटलं, चहा मागायला आले तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही मला विचारलं होतं, या वयात कशाला? यांनी विचारलं होतं, कधी निघायचं? तेवढ्यासाठी ट्रेलर पुढच्या महिन्यातही यांच्याकडेच राहू द्या. शनिवारी जरूर या, आणि येताना चॉकलेटं आणा. माझी सगळी यांनी खाल्ली.